धर्माच्या नावावर मत मागितलं, हे कोर्टात सिद्ध कसं होतं?

(दृश्य: विलेपार्ले पूर्व, स्टेशनबाहेरची सकाळची गर्दी)

'हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे, असं सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय.' राजकीय वादात हे वाक्य हमखास येतं. ज्या निकालाचा हा हवाला, तो ११ डिसेंबर १९९५ चा. पण त्या खटल्यात हिंदुत्वाच्या प्रचारावर निवडून आलेला उमेदवार हरला होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

डिसेंबर १९८७, विलेपार्ल्याची पोटनिवडणूक. डॉ. रमेश प्रभू अपक्ष, पाठीशी शिवसेना. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे पडले आणि थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुद्दा होता बाळासाहेब ठाकरे यांच्या तीन सभांचा. २९ नोव्हेंबरच्या भाषणाचा आशय असा, की ही निवडणूक हिंदूंच्या रक्षणासाठी आहे, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही. उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये निवड रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. हिंदुत्व हा नुसता शब्द उच्चारणं गैर नाही, पण त्याच्या आडून धर्मावर मत मागितलं तर निवड जाते, असा तो निकाल.

(दृश्य: शिवाजी पार्क)

त्याच दिवशी अशाच दुसऱ्या निवडणूक खटल्यात शिवसेनेचे मनोहर जोशी मात्र सुटले. 'पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल' हे त्यांचं २४ फेब्रुवारी १९९० चं विधान. न्यायालयाच्या मते ती फार तर आशा, मतांची मागणी नव्हे. इतर नेत्यांच्या भाषणांचे आरोप याचिकेच्या कच्च्या मांडणीमुळे गळाले.

ही मांडणी कशी लागते? लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३): धर्माच्या नावावर मत मागणं म्हणजे 'भ्रष्ट आचरण'. मत मागणारा स्वतः उमेदवार हवा, त्याचा एजंट हवा, किंवा बोलणाऱ्याला त्या दोघांपैकी कुणाची तरी संमती हवी. संमती लेखी लागत नाही, उमेदवाराच्या वागण्यावरूनही ती ठरते. पण याचिकेत ती नेमकी लिहावीच लागते. 'प्रचारात धर्म वापरला' एवढं मोघम चालत नाही; कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला, हे सगळं हवं. तारखेतच मोठी पळवाट आहे. कायद्याच्या लेखी माणूस 'उमेदवार' होतो तो अर्ज भरल्यावर. त्याआधीच्या यात्रा, महाआरत्या, भाषणं कितीही गाजोत, या कलमात बसत नाहीत. पक्षांचे वकील हे चांगलं जाणून असतात.

याचिका निकालापासून ४५ दिवसांत, उच्च न्यायालयातच. उशीर माफ होत नाही. हरलेला उमेदवार किंवा त्या मतदारसंघातला कुणीही मतदार ती करू शकतो. अनामत २,००० रुपये, सोबत भ्रष्ट आचरणाच्या आरोपासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र. पुरावा फौजदारी खटल्याइतका पक्का लागतो. भाषणाची नुसती क्लिप देऊन भागत नाही. मूळ उपकरण हजर न करता इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दिली, तर प्रमाणपत्र जोडावंच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक वादात पुन्हा बजावलं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष कायद्यात त्या प्रमाणपत्रावर फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला व्हिडिओ मुळात कुणी, कशावर चित्रित केला हेच सांगता येत नाही, आणि आरोप तिथेच लंगडा पडतो.

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत)

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. सुनावणी सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात विलेपार्ल्याचा अंतिम निकाल आठ वर्षांनी आला, तोवर ती विधानसभा कधीच संपली होती. भ्रष्ट आचरण सिद्ध झालं की प्रकरण राष्ट्रपतींकडे जातं. निवडणूक आयोगाच्या मतानुसार ते जास्तीत जास्त सहा वर्षांची अपात्रता ठरवतात. ठाकरे यांचा मताधिकार डिसेंबर २००१ पर्यंत काढून घेण्यात आला. सहा वर्षं मोजली १९९५ पासून, आदेश निघाला जुलै १९९९ मध्ये. म्हणजे बंदी प्रत्यक्षात उरली अडीच वर्षांहूनही कमी!

सांताक्रूझची १९९० ची निवडणूक तर याहून रेंगाळली. धर्म फक्त उमेदवाराचा धरायचा की मतदाराचाही, हा प्रश्न सात न्यायमूर्तींपुढे गेला. २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं, मतदाराचाही धरायचा असं ठरलं. मतदान होऊन तोवर जवळपास सत्तावीस वर्षं उलटली होती.