डब्यावर घातलेली दोन नावं

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील नाहीतर ताटं मांडली असतील, रेडिओचा आवाज जरा वाढवा, मला आज एका स्टीलच्या डब्याबद्दल बोलायचंय.

गेल्या जूनमध्ये आम्ही सात-आठ जणांनी कोल्हापुरात एक छोटा कार्यक्रम ठेवला होता. गे, लेस्बियन, ट्रान्स, यल्लम्मा देवीला सोडलेले जोगते, हिजडा समाज, आता ज्यांना मिळून क्विअर म्हणतात अशा आपल्याच गावच्या माणसांनी जुन्या वस्तू घेऊन यायच्या, टेबलावर मांडायच्या, ज्याची त्यानं गोष्ट सांगायची आणि चहा प्यायचा, एवढंच. तर एक मुलगी आली, तिनं पिशवीतनं डबा काढला, तिच्या आत्याचा. आपल्याकडं भांडं घेतलं की दुकानातच मशीननं नाव घालून घेतो की नाही, तशी त्या डब्यावर नावं घातली होती, दोन. दोन्ही बायकांची. "यांजकडून सप्रेम भेट" वगैरे काही नाही, नुसती शेजारी शेजारी दोन नावं आणि खाली १९८४. आत्या आणि तिची मैत्रीण, दोघी नोकरीला, एका घरात तीस वर्षं राहिल्या, घरातले म्हणायचे मैत्रिणी आहेत, लग्नं जमली नाहीत बिचाऱ्यांची. आत्या गेल्यावर भांड्यांची वाटणी झाली तेव्हा तो डबा कुणालाच नको होता, दुसरं नाव परक्या बाईचं म्हणून. ही पोरगी म्हणाली मला द्या.

त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या ते मी सांगणार नाही, कारण त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही आणि गेलेल्या माणसाला आपण परस्पर नाव चिकटवू नये असं मला मनापासून वाटतं. पण त्या काळात दुकानदारापुढं उभं राहून दोन बायकांनी ही दोन नावं घाला म्हणून सांगितलं असेल ना, तो क्षण मला डोळ्यापुढं दिसतो. बायकांचा असला इतिहास कुठल्या कागदात सापडत नाही हो, तो भांड्यांवर सापडतो.

आता जूनच का, असं बरेच जण विचारतात. २८ जून १९६९ ला न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल नावाच्या गे लोकांच्या बारवर पोलिसांनी धाड टाकली, नेहमीच टाकायचे, त्या रात्री तिथल्या लोकांनी ऐकून घेतलं नाही, उलटे उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी मोर्चा निघाला. तिथनं जून हा प्राईडचा, म्हणजे आपण जसे आहोत त्याचा अभिमान बाळगायचा, महिना झाला. आणि त्याच्या दोनच दिवस आधी, २६ जूनला, आपली शाहू जयंती. ज्या राजानं १९०२ साली मागासलेल्या समाजांसाठी नोकरीतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या, अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात मुद्दाम जाऊन सगळ्यांदेखत चहा प्यायला, त्याच्या गावात आम्हाला जून महिना परका कसा वाटेल सांगा. म्हणून आमच्या कार्यक्रमात चहा असतोच, आणि तो चहा कुणी केला, कुणाच्या हातचा, हे सगळ्यांना सांगून प्यायचा असं आम्ही ठरवून टाकलंय.

आणि हे बाहेरचं खूळ आहे म्हणणाऱ्यांनी मार्गशीर्ष पुनवेच्या आधी एसटी स्टँडवर एक चक्कर टाकावी. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला गाड्या भरून जातात, भंडाऱ्यानं माखलेली माणसं, डोक्यावर देवीचा जग म्हणजे टोपलीतला मुखवटा, चौंडक्याचा आवाज, उदं गं आई उदं, आणि त्यात साडी नेसलेले, चुडा भरलेले जोगते. आपल्या आज्यांनी त्यांच्या पाया पडून परडीत जोगवा घातलाय. परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा होते तेव्हा अख्खं शहर तिथं लोटतं. म्हणजे बघा, बाईच्या वेशातला माणूस, स्वतःला बाई मानणारा माणूस, आपल्या दारात पिढ्यान्‌पिढ्या आलाय.

आमच्याकडं एक जोगती मावशी आल्या होत्या, साठी उलटलेली. त्यांनी स्पष्ट सांगितलं की पुनवेला पाया पडणारी तीच माणसं दुसऱ्या दिवशी भाड्यानं खोली देत नाहीत. आणि देवीला सोडायच्या प्रथेत किती पोरींच्या आयुष्याची वाट लागली ते पण त्यांनी सांगितलं, गडहिंग्लज भागात देवदासींच्या प्रश्नावर चळवळ उभी राहिली ती उगाच नाही. नुसतं आपली परंपरा किती उदार म्हणून आरती ओवाळायला आम्ही जमत नाही, मावशींनी जे भोगलं ते पण त्याच टेबलावर मांडायचं असतं.

नाटकाचा विषय निघतोच, कोल्हापूर आहे. केशवराव भोसले स्त्री भूमिका करायचे, त्यांच्या नावाचं नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा गाव रडलं. कुणीतरी उत्साहात म्हणालं, म्हणजे केशवराव पण आपलेच. मी म्हणलं थांब. तेव्हा बायका स्टेजवर येत नव्हत्या, पुरुषांनी लुगडी नेसणं हा रंगभूमीचा रिवाज होता, त्यावरनं माणसाच्या मनातलं काही ठरत नाही. पण ज्या गावानं लुगड्यातल्या पुरुषाला वन्समोअर दिला तेच गाव गल्लीतल्या बायकी चालीच्या पोराला खडे मारतं, हे का होतं त्यावर मग तासभर बोलणं झालं, आणि ते तासभराचं बोलणं मला त्या दिवसात सगळ्यात मोलाचं वाटतं.

कायद्याचं पण सांगतो, थोडक्यात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम हे १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतलं. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, त्यात उत्तरेकडच्या प्रांतांमध्ये हिजड्यांची नावं पोलिसांच्या रजिस्टरला चढवली आणि बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसलं तर अटक. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ३७७ मधनं आपल्याला सोडवलं, ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं परत आत ढकललं. मी तेव्हा कॉलेजात, हॉस्टेलच्या टीव्हीवर बातमी लागली आणि मागनं कुणीतरी ती टाळी वाजवली, तसली, आणि सगळे हसले. मी पण हसलो मंडळी. ते हसणं मला अजून झोपू देत नाही. पुढं २०१४ मध्ये ट्रान्स लोकांना स्वतःची ओळख सांगायचा हक्क मिळाला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ पडलं. मी इचलकरंजीच्या एसटीत होतो, मोबाईलवर बघितलं आणि डोळे भरले. शेजारच्या काकांनी विचारलं काय झालं रे बाळ, म्हणलं निकाल लागला. चांगला लागला का? म्हणलं हो. त्यांनी पाठीवर हात फिरवला. त्यांना परीक्षा वाटली असेल, पण त्या दिवशी माझ्या पाठीवर पडलेला तो एकच हात होता.

लग्नाचा हक्क २०२३ मध्ये कोर्टानं दिला नाही, ते अजून बाकी आहे.

असल्या गोष्टी मुंबई-पुण्यात आधीपासून जपल्या जातात. अशोक राव कवींनी १९९० मध्ये बॉम्बे दोस्त हे आपल्या लोकांचं नियतकालिक काढलं, पुण्यात बिंदुमाधव खिरेंनी समपथिक ट्रस्ट सुरू करून या विषयावर मराठीत लिहिलं, तिकडं कोलकात्यात १९९९ ला प्राईडची पहिली पदयात्रा निघाली तेव्हा जेमतेम पंधरा माणसं होती. आम्ही सुरुवातीला बावीस होतो! हॉल मिळताना मात्र दम निघाला, एका ठिकाणी तारीख दिली आणि विषय कळल्यावर रंगकाम निघालं म्हणाले. शेवटी एका मैत्रिणीच्या आईनं स्वतःच्या शिवणक्लासची खोली रिकामी करून दिली, मशिनी भिंतीला लावल्या आणि स्वतः दारात उभ्या राहून लोकांना आत बोलावलं.

रस्त्यापलीकडं एक माणूस गाडीला टेकून पूर्ण वेळ उभा होता, पन्नाशीचा असेल. आत आला नाही. आम्ही चहा नेऊन दिला, घेतला, काही बोलला नाही, कप परत करताना खिशातनं एक पासपोर्ट साईज फोटो काढून ट्रेमध्ये ठेवला आणि गेला. कुणाचा फोटो, माहीत नाही. आम्ही तो जपून ठेवलाय. दादा, तुम्ही ऐकत असाल तर फोटो आमच्याकडं आहे, कुणाला दाखवलेला नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा परत देऊ.

यंदा परत जमतोय, शाहू जयंती झाली की लगेचच्या रविवारी, संध्याकाळी पाचला, त्याच शिवणक्लासच्या खोलीत. पत्र, फोटो, बिल, भांडं, काय असेल ते आणा. नाव सांगायची सक्ती नाही, फोटो काढायला बंदी आहे. आईबापांनी पण या, प्रश्न घेऊन या. मावशी यंदा चौंडकं आणणार आहेत, त्यामुळं खुर्च्या कमी आणि सतरंज्या जास्त टाकतोय, गुडघे दुखत असतील त्यांनी जरा लवकर येऊन खुर्ची धरा.