थंडीत एकवटणारा मासा

मित्रहो, कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याची खारी दलदल पहिल्यांदा पाहताना ओळखीची वाटते आणि पहिल्याच ओहोटीला परकी होते. चिखलाचा वास तोच, कालवांची धारदार खडपं तीच, उथळ पाण्यात उड्या मारणारे बोयांचे थवेही तेच. मात्र मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, तेही दिवसातून दोनदा; तिथे बहुतेक दिवशी एकच भरती आणि एकच ओहोटी असते आणि दोहोंमधला फरक जेमतेम हातभर. खाडीत होडी घालणारा आपला माणूस तिथी पाहून पाण्याचा अंदाज बांधतो, तर तिथला माणूस हिवाळ्यात सर्वांत आधी वारा पाहतो. नोकरीनिमित्त माझी बरीच वर्षे न्यू ऑर्लिन्सच्या दक्षिणेकडच्या त्या मुलखात गेली आणि सुट्टीचे बहुतेक दिवस डेलाक्रॉ, होपडेल, लीव्हिल या मच्छीमार वस्त्यांतून होडी पाण्यात घालण्यात गेले. मालवणकडे ज्याला गरवणे म्हणतात ते, म्हणजे गळाने मासे पकडणे, मी लहानपणी शिकलो होतो. हिवाळ्यात कसे गरवावे हे मात्र मला तिथे नव्याने शिकावे लागले.

ज्या माशाबद्दल मी बोलणार आहे त्याला तिथे रेडफिश किंवा रेड ड्रम म्हणतात. अंगावर तांब्याची झाक, पोट पांढरे, आणि शेपटीच्या बुडाशी बुबुळासारखा काळा ठिपका, कधी एक, कधी अनेक. मागून झडप घालणाऱ्या शत्रूने शेपटीलाच डोके समजावे, अशी त्या ठिपक्याची उपयुक्तता सांगितली जाते. हा मासा आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला आहे. या कुळातल्या बऱ्याच माशांप्रमाणे रेडफिशचा नरही पोटातल्या हवेच्या फुग्यालगतचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतो आणि शरद ऋतूत, अंडी घालण्याच्या दिवसांत, समुद्रमुखांजवळ तो आवाज पाण्याखाली घुमत असतो. त्या अंड्यांतून निघालेली पिल्ले भरतीबरोबर दलदलीत शिरतात आणि तिथल्या स्पार्टिना गवताच्या मुळांशी कोळंबी, लहान चिंबोऱ्या आणि बारीक मासे खात तीन ते पाच वर्षे काढतात. वयात आल्यावर ती मेक्सिकोच्या आखाताच्या मोठ्या पाण्यात जातात आणि तिथे चाळीस वर्षांपर्यंत जगू शकतात. म्हणजे दलदलीत आपल्या गळाला लागणारा मासा बहुतेक वेळा पोरसवदा असतो, हे ध्यानात ठेवावे; पुढच्या सगळ्या विवेचनाचा आधार तोच आहे.

आता हिवाळ्याकडे वळू. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडून थंड हवेच्या लाटा साधारण आठवड्याला एक अशा येत राहतात. लाट येण्याआधी एक-दोन दिवस आखातावरून दमट, उबदार दक्षिणी वारा सुटतो आणि पाणी दलदलीत लोटतो, इतके की गवताच्या आतली लहान तळीसुद्धा भरून जातात. मग ढग येतात, पाऊस पडतो, वारा एकाएकी फिरतो आणि उत्तरेचा कोरडा वारा तेच पाणी परत समुद्राकडे हाकलून देतो. आखाताची सरासरी पातळी हिवाळ्यात मुळातच खालावलेली असते, त्यात हा वारा; त्यामुळे एका रात्रीत पाणी दोन-दोन फूट उतरते आणि काल जिथून होडी गेली तिथे सकाळी काळा चिखल आणि त्यावर चालणारे बगळे दिसतात. या ओहोटीचा चंद्राशी फारसा संबंध नसतो. नवख्या माणसाची इथेच फसगत होते: तो भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून निघतो आणि परतताना त्याची होडी चिखलात रुतून बसते. माझीही पहिल्या हिवाळ्यात बसली होती आणि पाणी परत येईपर्यंत सहा तास मी गारठत काढले होते.

पाणी गेले की मासाही हलतो, पण मनाला येईल तिथे जात नाही. माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच थंड होते. पाण्याचा पारा दहा-बारा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की त्याची पचनशक्ती, भूक आणि चपळाई एकदमच मंदावतात. मग त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: जिथे थंडी सावकाश पोचते असे खोल पाणी, आणि ऊन वर आल्यावर जिथे लवकर ऊब धरते असा उथळ चिखल. हिवाळी मासेमारीचे सगळे कौशल्य या दोन जागा एकमेकींना लागून कुठे आहेत ते शोधण्यात आहे. बायूच्या, म्हणजे तिथल्या संथ नैसर्गिक ओढ्याच्या, बाहेरच्या वळणावर प्रवाहाने खोदलेला डोह आणि त्याच्या समोरच्या काठाला चिखलाची सपाटी, ही उत्तम जागा. दुसरी जागा तेल कंपन्यांनी खोदलेले सरळसोट कालवे. याच कालव्यांतून खारे पाणी आत शिरले, गवत मेले आणि जमीन विरघळत गेली. 1932 ते 2016 या काळात लुइझियानाने किनाऱ्यालगतची सुमारे 4,800 चौरस किलोमीटर भूमी गमावली. त्यात मिसिसिपी नदीला घातलेले बांध आणि जमिनीचे खचणे ही कारणेही आहेत, पण कालव्यांचा वाटा मोठा आहे. ज्या चरांनी माशांचे पाळणाघर पोखरले, तेच चर थंडीच्या रात्री माशांना आसरा देतात, हे पाहताना मला दर वेळी वाईट वाटते.

एका जानेवारीतला प्रसंग सांगतो. लाट येऊन गेल्याला तिसरा दिवस होता, आकाश निरभ्र, वारा पडलेला. डेलाक्रॉजवळच्या एका बंद टोकाच्या कालव्यात सकाळी आठला पाणी नऊ अंश भरले आणि दहापर्यंत गळाला काहीही शिवले नाही. माझ्याबरोबरचा म्हातारा नावाडी काही बोलला नाही; त्याने होडी बांधली आणि कॉफी ओतली. दुपारी एकच्या सुमारास कालव्याच्या उत्तरेकडच्या काठाला, जिथे ऊन सरळ पडते आणि उत्तरेचा वारा गवताने अडतो तिथे, गुडघाभर पाण्यात चिखलाचे लहानसे ढग उठू लागले. पारा तिथे तेरा अंशांवर गेला होता. मासे डोहातून वर येऊन, नाक खाली घालून चिखल उकरत होते. मध्येच एखाद्या शेपटीचे टोक पाण्याबाहेर येई, निळसर कडेचे, आणि पुन्हा बुडे. सकाळभर जे पाणी निर्जीव वाटले होते त्यात पन्नासहून अधिक मासे होते.

अशा माशाला गळाला लावायचे तर घाई सोडावी लागते. उन्हाळ्यात तिथे सोनेरी चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचे चकाकते आमिष, जोरात ओढतात किंवा आवाज करणारे बूच पाण्यावर आपटतात. थंडीत हे सगळे फाजील ठरते. पाच-सहा ग्रॅमचे शिसे, त्यावर मऊ रबरी आमिष किंवा सोललेल्या कोळंबीचा तुकडा, आणि ते माशाच्या थेट डोक्यावर न टाकता त्याच्या वाटेवर पाच-सहा फूट पुढे टाकावे. मग ते चिखलावरून अगदी सावकाश, बोटभर बोटभर सरकवावे आणि मध्ये पाच-सहा सेकंद तसेच पडू द्यावे. हिवाळ्यातला मासा दूरचे भक्ष्य पाठलाग करून पकडत नाही, पण नाकासमोर आलेला वास त्याला सोडवत नाही. दोरीला हिसका बसेल म्हणून वाट पाहणाऱ्याचा मासा निसटतो. ओल्या फडक्याचे वजन आल्यासारखे वाटते, एवढीच खूण. मी डावी तर्जनी दोरीवर टेकवून ठेवायला शिकलो, कारण ते वजन गरीच्या काठीपर्यंत पोचण्याआधी बोटाला कळते. पाणी थंडीत नितळ असते, त्यात सूक्ष्म शेवाळ कमी असते, म्हणून मासा आपल्याला दिसतो तसे आपणही त्याला दिसतो. इंजिन दूरवर बंद करून शेवटचे अंतर लांब काठीने होडी रेटतच कापावे आणि होडीत पाय आपटू नये.

अटलांटिक किनाऱ्यावर, दक्षिण कॅरोलायनाच्या चार्ल्स्टनकडे, हेच चित्र आणखी उघडे दिसते. तिथे भरती-ओहोटी दोनदा आणि पाच-सहा फुटांची, त्यामुळे ओहोटीला गवत पूर्ण उघडे पडते आणि मासे उघड्या सपाटीवर फूटभर पाण्यात येऊन थांबतात. हिवाळ्यात इतर भक्ष्य विरळ झाल्याने डॉल्फिन रेडफिशच्या मागे लागतात आणि त्यांना चुकवण्यासाठी मासे मोठ्या जमावाने जिथे डॉल्फिनला पोहता येत नाही अशा उथळ पाण्यात राहतात. शे-दोनशे मासे एका दिशेला तोंड करून तरंगताना दिसतात. दुरून पाण्यावर तांबूस सावली पडल्यासारखी वाटते. जमाव बिचकला तर त्याच्या मागे जाऊ नये, वीस मिनिटे जागच्या जागी थांबावे, तो बहुधा परत येतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. त्या दोनशे माशांकडे पाहून कोणालाही वाटेल की खाडी माशांनी भरलेली आहे. वस्तुस्थिती अशी असते की आसपासच्या कित्येक ओढ्यांतले मासे त्या एका सपाटीवर जमलेले असतात आणि बाकीचे पाणी रिकामे असते. थंडी माशांची संख्या वाढवत नाही, त्यांना एके जागी आणते. डोळ्यांना दिसणारी विपुलता आणि खरी संख्या यांची गल्लत मासेमारीच्या इतिहासात वारंवार झाली आहे, आणि रेडफिशच्या बाबतीत तर ती याच पिढीच्या आठवणीत झाली. पॉल प्रुडोम या लुइझियानाच्या बल्लवाचार्याने 1979 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये उपाहारगृह काढले आणि लोण्यात बुडवून, मसाल्यात घोळवून, रसरसत्या बिडाच्या तव्यावर काळपट भाजलेला रेडफिश तिथून देशभर गाजला. मागणी एवढी वाढली की आखातात विमानांतून मोठ्या, वयात आलेल्या माशांचे थवे शोधून त्यांच्याभोवती जाळी टाकली जाऊ लागली. वरून दिसणारा तांबडा थवा अमर्याद वाटे. 1986 मध्ये केंद्र सरकारला आखातातली ही मासेमारी तातडीने थांबवावी लागली आणि 1988 मध्ये लुइझियानाने रेडफिशच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घातली. टेक्सासने तर 1981 मध्येच त्याची विक्री बंद केली होती.

आपल्याकडच्या घोळीचेही असेच आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये पालघर किनाऱ्यावरच्या एका नौकेला एकाच खेपेत दीडशेहून अधिक घोळ मिळाल्या आणि त्यांना सव्वा कोटी रुपयांहून अधिक भाव आला, तो मुख्यतः त्यांच्या पोटातल्या फुग्यामुळे, म्हणजे भोतामुळे. त्या नाखव्याच्या कष्टांचे मला कौतुकच आहे. पण बातमी वाचताना माझ्या मनात आले ते हेच, की इतक्या घोळी एकत्र होत्या त्या कुठल्या पाण्यातून जमल्या असतील.

लुइझियानाच्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न आकड्यांत मांडला आहे. मासेमारी अजिबात नसती तर दलदलीतून जितके मासे जगून, वयात येऊन आखातात गेले असते, त्यांच्या निदान 30 टक्के तरी प्रत्यक्षात जायला हवेत, असा त्यांचा दंडक आहे. 2022 च्या मूल्यमापनात हे प्रमाण 20 टक्क्यांवर आलेले आढळले. म्हणून 2024 च्या जूनपासून तिथे माणशी रोज चारच मासे, तेही 18 ते 27 इंचांमधले, ठेवता येतात. त्याआधी पाच ठेवता येत आणि त्यांत 27 इंचांवरचा एक चाले. आता अंडी घालणारा मोठा मासा सोडावाच लागतो. काही जुन्या गळकऱ्यांना हा नियम जाचला. मला तो योग्य वाटतो, आणि हिवाळ्यात तो पुरेसाही वाटत नाही, कारण चार माणसांच्या होडीने एका डोहातून रोज सोळा मासे आठवडाभर उचलले तर नियम न मोडताही तो डोह रिकामा होतो.

थंडी स्वतःही मारते. फेब्रुवारी 2021 च्या गारठ्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर किमान 38 लाख मासे मेले. रेडफिश त्याच्या शेजारच्या ठिपकेदार ट्राउटपेक्षा चिवट आहे, तरी पाणी एकाएकी गोठणबिंदूकडे झुकले तर तोही टिकत नाही. तग धरणारे मासे अशा वेळी खोल चरांत दाटीवाटीने, जवळजवळ निपचित पडून असतात आणि तिथे गळ टाकला तर नुसता अंगात रुतूनही मासा वर येतो. म्हणूनच टेक्सासच्या वन्यजीव खात्याला कडाक्याच्या दिवसांत अशा ठरावीक आसऱ्यांवर मासेमारी तात्पुरती बंद करता येते.

ज्या नावाड्याचा मी उल्लेख केला, त्याने लुइझियानात असा कोणताही हुकूम नसताना स्वतःचा नियम केला होता. एका वळणावरून तीन मासे निघाले की तो होडी तिथून हलवी. सोडायचा मासा तो ओल्या हातांनी, पोट आणि शेपूट तोलून, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरी. गोठवणाऱ्या वाऱ्यात कल्ले क्षणभरही उघडे ठेवत नसे. आणि सकाळी धक्क्यावर पाण्यात सोडलेल्या तापमापकाचा पारा सात अंशांच्या खाली दिसला की त्या दिवशी होडीची दोरी सोडायचीच नाही. तो जाळी विणत बसे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उत्तरेच्या काठावर ऊन स्थिरावले की दुपारी बारानंतर निघे.