२,१४,७४,८३,६४७ : कॉम्प्युटरला अडवणारा आकडा

तर मंडळी, आजचा आकडा स्क्रीनवर बघा. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. कोडिंगवाल्यांनी लगेच ओळखला असेल, ३२ बिटच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) इंटिजरची, म्हणजे पूर्णांकाची, मर्यादा, एक बिट प्लस-मायनससाठी गेला की उरतात ३१, म्हणून दोनाचा ३१ वा घात वजा १. डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल'चे व्ह्यूज याच्या पुढे गेले आणि यूट्यूबला काउंटर ६४ बिटचा करायला लागला, ते सगळ्यांना माहितीये.

पण मला त्यात फार मजा वाटत नाही. खरी मजा ही की हा आकडा मूळ संख्या आहे! म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. आणि हे १७७२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने सिद्ध केलं, सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून, तेव्हा त्याला जवळजवळ दिसतही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल ३१ मूळ आहे म्हणून हाही मूळ असणार. नाही हो. ११ पण मूळच आहे, पण दोनाचा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते होतात २३ गुणिले ८९. म्हणजे तपासावंच लागतं.

कसं तपासायचं? वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास येतं, तिथपर्यंत भागून बघायचं, विषमच घेतले तरी तेवीस हजार भागाकार, हाताने! ऑयलरने काय केलं, तर याला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर ती ६२ च्या पाढ्यातल्या आकड्यापेक्षा १ ने मोठी असणार हे त्याला माहीत होतं, शिवाय तिला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च उरणार. दोन्ही अटी एकत्र लावा, मग २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणारेच आकडे शिल्लक राहतात. तेवीस हजारांचे झाले ३७३! त्यातले पहिले दोन, ६३ आणि २४९, मूळ नाहीतच, सोडून द्या. मग येतो ३११. कॅल्क्युलेटर काढा, भागून बघा: ६९,०५,०९२ वेळा जातो, बाकी ३५. नाही गेला. पुढचा घ्या. असं शेवटपर्यंत, आणि एकानेही भाग जात नाही.

याला दोनाच्या ३० व्या घाताने गुणलं की १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज परत तीच. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून टाकलं की याहून मोठी कुणी शोधणारच नाही, कारण उपयोग शून्य. बिचारा, कॉम्प्युटर येणार हे त्याला कुठून कळणार.

बरं, मर्यादा आहे म्हणून मूळ आहे असं अजिबात नाही, तो ३१ चा योगायोग. ८ बिटला १२७ येतो, तो मूळ. १६ बिटला ३२,७६७, तो ७ गुणिले ३१ गुणिले १५१. आणि यूट्यूबचा नवा ६४ बिटचा आकडा, १९ अंकी, तिथे घात ६३, आणि ६३ ला ३ ने भाग जातो म्हणून त्या अख्ख्या आकड्याला दोनाचा ३ रा घात वजा १ ने, म्हणजे ७ ने भाग जातो, एकदा नाही, दोनदा!