मॉलच्या मागची मिल

(दृश्य: मोबाइलचा स्क्रीन. सर्चच्या चौकटीत बोटं टाइप करताहेत.)

इंग्रजीत 'एम्प्रेस नागपूर' टाइप केलं की समोर मॉल येतो. दुकानं, रस्ता, पार्किंग. साहजिकच आहे, आज बहुतेकांना तोच हवा असतो. आपल्याला मात्र त्याच जागेवरची कापडगिरणी हवी आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली, नागपूरकरांची एम्प्रेस मिल.

आधी मॉल बाजूला काढू. इंग्रजी 'मॉल' या शब्दाच्या आधी, त्याला चिकटून, मध्ये जागा न सोडता, वजाचं चिन्ह द्यायचं. यादी हलकी होते.

पण खरी मेख शब्दांत आहे. आपण मनातला शब्द टाकतो. कागद लिहिणाऱ्यानं कोणता वापरला असेल, याचा विचारच करत नाही. १८७४ साली नोंदवलेल्या या कंपनीचं नाव एम्प्रेस नव्हतंच. ते होतं सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी.

(दृश्य: चौकटीत अवतरणचिन्हं उमटतात.)

यातले पहिले तीनच शब्द दुहेरी अवतरणात घाला, म्हणजे ते याच क्रमानं शोधले जातील. पूर्ण नाव नको. जुन्या छपाईचं स्कॅन वाचताना मशीन एखादं अक्षर चुकतं आणि लांबलचक नाव हातचं निसटतं. नागपूरचं स्पेलिंगही तपासा. त्या काळच्या इंग्रजी कागदांत शेवटी पी-यू-आरऐवजी बरेचदा पी-ओ-आर-ई असतं. दोन्ही करून बघाच.

जुनी पुस्तकं, अहवाल हवे असतील तर इंग्रजीत 'साइट', कोलन आणि लगेच आर्काइव्ह डॉट ऑर्ग जोडा. शोध तेवढ्याच संकेतस्थळापुरता राहतो. तारखेच्या फिल्टरवर इथं भिस्त ठेवू नका. तो वेबपानाची तारीख बघतो, कागदाचं वय नाही.

मिल बंद पडली त्या काळाबद्दल हवं असेल, तर इंग्रजी सोडा. 'एम्प्रेस मिल कामगार', 'थकीत देणी' असं सरळ मराठीत, बातमीच्या भाषेत विचारा.

(दृश्य: स्कॅन केलेलं पान, एका नावावर कॅमेरा थांबतो.)

आणि सापडलेलं पान नीट वाचा, घाईनं बंद करू नका. त्यात एखादं नवं नाव भेटतं: बेझनजी मेहता, रेल्वेतून आलेले मिलचे मॅनेजर. पुढचा शोध याच नावाचा. अवतरणात, सोबत नागपूरचं जुनं स्पेलिंग.