इंजिन गेलं तरी पंखा फिरतो

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या कोल्हापूरच्या 2019 च्या महापुरात मदतीला आलेली दणकट हेलिकॉप्टरं आपण पाहिलीत. आज बोलायचंय ते दोन-चार माणसांच्या छोट्या हेलिकॉप्टरबद्दल. असं एखादं पडलं की चौकाचौकात निदान एकच: "इंजिन बंद पडलं, धाडकन खाली आलं!" तेवढ्यानं ते पडत नाही, मंडळी.

रॉबिन्सन आर-22 घ्या. दोन सीट, पिस्टन इंजिन, आणि त्याची ताकद पंख्याच्या गिअरबॉक्सकडं पोचवतात व्ही-बेल्ट. होय, पट्टेच! मध्ये फ्रीव्हील क्लच. इंजिन थांबलं की उतारावर पायडल न मारता सायकलचं चाक फिरावं, तसा वरचा पंखा मोकळा फिरत राहतो. पायलटनं डाव्या हातातला दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, लगेच खाली घालायचा. पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणारी हवाच पंखा फिरता ठेवते. हे ऑटोरोटेशन. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मारायचा, दांडा वर ओढायचा आणि अलगद टेकायचं. फक्त आर-22 चा पंखा हलका, त्याचे फेरे भराभर उतरतात. दांडा खाली घालायला जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो.

खरी भीती निराळी. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना ती एका शब्दात कळेल: बेअरिंग. 27 ऑक्टोबर 2018, इंग्लंडमधलं लेस्टर. फुटबॉलच्या मैदानातून एडब्ल्यू-169 हे हेलिकॉप्टर उडालं. हे आकारानं बरंच मोठं. चारशे फुटांच्या वर गेलं आणि शेपटीच्या पंख्यातलं, म्हणजे हेलिकॉप्टर स्वतःभोवती फिरू न देणाऱ्या पंख्यातलं, बेअरिंग जाम झालं. ग्रीस खराब झालेलं, आत भार जास्त. पेडल दाबल्यावर त्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा जो कंट्रोल शाफ्ट फिरायलाच नको, तो त्या बेअरिंगबरोबर फिरू लागला, नटातून सुटला आणि पायलटच्या पेडलचा शेपटीशी संबंध तुटला. हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत खाली आलं. पाच जण गेले. इंजिनांचा यात काही दोष नव्हता, आणि पायलटला ते सावरणं शक्यच नव्हतं.

उद्यमनगरात बेअरिंग जायच्या आधी कुरकुरतं, तापतं. कारागीर हात लावून ओळखतो. उडत्या हेलिकॉप्टरात हात कुठं पोचणार? म्हणून तासांचा हिशेब. आर-22 ला 2200 तास किंवा 12 वर्षं, जे आधी होईल तेव्हा ओव्हरहॉल, म्हणजे सगळं उघडून दुरुस्ती. गिअरबॉक्समध्ये चुंबकाचा चिप डिटेक्टर. लोखंडाचा कण चिकटला की पायलटसमोर दिवा लागतो.

आणि एक सांगायचंच. मिरवणुकीत, लग्नात वरून फुलं टाकायला हेलिकॉप्टर आणायची हौस आपल्याकडं वाढलीय. गर्दीच्या डोक्यावर शे-दीडशे फुटांवर ते जवळजवळ जागीच थांबतं. ना उंची, ना वेग. तिथं इंजिन गेलं तर ऑटोरोटेशनला वावच नाही. किती उंचीला किती वेग हवा, याचा छापील आलेख पायलटकडं असतो. "अजून जरा खाली घ्या की!" असं यजमान म्हणाले आणि पायलट ऐकेना, तर तो भाव खातोय असं समजू नका.