छाती की फाटक?

[पडदा काळा. फक्त श्वासाचा आवाज.]

हा आवाज माझा. जरा घोगरा आहे, चालवून घ्या. एडिटिंग करणाऱ्या पोराला मी एकच सांगून ठेवलंय, मधले माझे श्वास कापू नको बापा. गोष्ट त्यांचीच आहे.

[मे महिन्यातलं नागपूर. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या.]

बावीस वर्षं झाली, मी कार्यक्रमांचं निवेदन करते. रिसेप्शन, शाळेचं गॅदरिंग, गाण्याची मैफल, जे येईल ते. घर आवाजावर चालतं. दमा लहानपणापासूनचा, त्यामुळे त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ. एप्रिलात कूलर बाहेर निघाला, की गेल्या वर्षीच्या गवताची धूळ उडते आणि रात्रीपर्यंत छातीत मांजर बोलायला लागतं. डिसेंबरात शेकोट्या पेटल्या, की पुन्हा तेच. पंप मारायचा, दहा-पंधरा मिनिटं उशीला टेकून बसायचं. मांजर गप्प.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी शेजारच्या काकूंनी भिवापुरी मिरची तव्यावर टाकली. इथे प्रत्येक घरात होतं ते. मला ठसका लागला, आणि पुढचा श्वास आत आलाच नाही.

दम्यात हवा आत जाते, बाहेर पडायला कुरकुरते. शिटी वाजते ती श्वास सोडताना. हे उलटं होतं. गळ्यापाशीच कोणी उसाच्या रसाची नळी चिमटीत धरावी, तसं. घेताना घर्र आवाज, सोडताना त्यामानाने मोकळं. मी पंप मारला. पण पंपातलं औषध ओढायला तरी श्वास आत जायला हवा ना!

[दवाखान्याचा कॉरिडॉर. चेहरे दिसत नाहीत.]

पुढची दोन वर्षं ॲम्ब्युलन्स, नेब्युलायझर, स्टिरॉइडच्या गोळ्या. चेहरा पुरणपोळीसारखा फुगला. बोटाला चिमटा लावला की आकडा यायचा 98. एका ठिकाणी तर मला सरळ ऐकवलं, "ऑक्सिजन चांगला आहे मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊन राहिल्या." घरी सासूबाई म्हणाल्या, "नाटक नाही करून राहिली ती. मी पाहिलं ना तिचं तोंड." त्या एका वाक्यावर मी बरेच महिने काढले.

शेवटी एका छातीच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवरून उचलून गळ्यावर ठेवला. शिटी तिथे जास्त होती. त्यांनी फुंकायच्या तपासणीचा आलेख दाखवला. वरचा डोंगर श्वास सोडण्याचा, खालची कढई श्वास घेण्याची. माझ्या कढईचा बूड सपाट झाला होता, तवाच. मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे. नाकातून बारीक लवचीक दुर्बीण आत, आणि मला जिने चढून-उतरून, अत्तराचा फाया हुंगवून मुद्दाम त्रास आणला. त्रास नसताना पाहिलं, तर स्वरतंतू, म्हणजे घशातले आवाजाचे पट्टे, बहुतेक वेळा अगदी शहाण्यासारखे वागतात.

[स्क्रीनवर स्वरयंत्र. दोन पांढरे पट्टे.]

हे माझे. मोत्याच्या रंगाचे दोन पट्टे, उलट्या व्ही अक्षरासारखे. श्वास घेताना ते लांब व्हायला हवेत. माझे जवळ येतात. मागे शंकरपाळ्याएवढी, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराची, फट तेवढी उरते. याला व्होकल कॉर्ड डिसफंक्शन म्हणतात.

1854 मध्ये मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायन शिक्षकाने छोटा आरसा घशात धरून, उन्हाचा कवडसा पाडून स्वतःचे स्वरतंतू पाहिले होते. डॉक्टर नव्हे, गाणं शिकवणारा माणूस. मला हे फार आवडतं. माझ्या व्यवसायाचा कोणीतरी पहिल्या रांगेत होता. आणि 1983 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाच रुग्णांची हकीकत छापली. दम्याचे उपचार चालू होते, गुण येत नव्हता. दोष घशात निघाला. त्या पाचांची गोष्ट एका अर्थी सोपी. माझ्याकडे दमाही खरा आहे. एक पकडला म्हणून दुसरा सुटत नाही.

म्हणून घरात नाव ठेवलं. इंग्रजी नाव सासूबाईंच्या तोंडात बसेना. त्यांचं माहेर रेल्वे फाटकाजवळचं. त्या म्हणाल्या, "फाटक पडलं म्हण ना." झालं. आता मी धापा टाकायला लागले की सगळे आधी एकच विचारतात, "छाती की फाटक?" मी हात ठेवून दाखवते. छातीवर, नाहीतर गळ्यावर. छाती हळूहळू भरत येते, तासभर आधी चाहूल देते. फाटक क्षणात पडतं, आणि बऱ्याचदा तसंच पटकन उठतंही. कधी दोन्ही एकत्र येतात. तेव्हा, किंवा ओठ निळसर दिसले, वाक्य पुरं होईना, तर नावागावाचा खेळ बंद आणि थेट दवाखाना. हे घरच्यांनी फ्रिजवर चिकटवलंय.

[एक साधी खोली. समोरासमोर दोन खुर्च्या.]

फाटकाला औषधापेक्षा सराव लागतो. स्पीच थेरपिस्ट ताईंनी शिकवलं. खांदे खाली. नाकाने दोनदा छोटं हुंगायचं, फूल हुंगतो तसं. हुंगलं की पट्टे आपोआप लांब होतात. मग दातांमधून 'स्स्स' करत लांब सोडायचं. "तर्रीपोह्याचा वास येऊन राहिला असं समजा," असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, तर्रीनेच तर फाटक पडतं. मोगऱ्यावर तडजोड झाली.

त्रास नसतानाही रोज करायचं. ऐन वेळी शिकायला गेलात तर डोकं चालत नाही. बाकी पथ्यं बारीकसारीक. पोटातलं आम्ल वर आलं तरी घसा चिडतो, म्हणून सावजी रस्सा रात्री बंद. नागपुरात ही शिक्षाच आहे. छातीचा रोजचा पंप चालूच, स्पेसर म्हणजे पंपापुढची पोकळ नळी लावून, नंतर खळखळून चूळ. नाहीतर ते औषधही आवाज बसवतं.

[पोळ्याचा दुसरा दिवस. जुनं नागपूर. मारबतीची मिरवणूक, गर्दी, धूळ.]

मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. ईडा पीडा, रोगराई, जे नको असेल ते गावाबाहेर न्यायला तिला ओरडून सांगायचं. मी दरवर्षी जाते, पण मास्क लावून, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. धुळीत ओरडायची माझी सोय नाही. यंदा पुतण्या कठड्याला लोंबकळून माझ्या वाटचं ओरडला, "दमा घेऊन जा गे मारबत!" खालून लोकांनी साथ दिली. मग त्याला आठवलं. "फाटक घेऊन जा गे मारबत!"

खालच्या एक आजी मान वर करून म्हणाल्या, "कोणतं फाटक रे बापा?"

मला हसू आवरेना. हसताना घसा आवळायला लागला. मी खांदे खाली सोडले.

[दोन छोटे हुंगण्याचे आवाज. मग लांब 'स्स्स'. खाली मारबत पुढे सरकते.]