टी-72 ला हजार एचपीचं इंजिन: बसवायचं ते बसवा, बाकीच्याचं काय?

[टेबलावर टी-72 चा आडवा छेद दाखवणारं मोठं चित्र. बोलणारा चित्राच्या डाव्या बाजूला.]

नमस्कार मंडळी, सोलापुरातून.

7 मार्च 2025 ला आपल्या संरक्षण मंत्रालयानं रशियाच्या रोसोबोरोनएक्स्पोर्ट या सरकारी शस्त्रनिर्यात कंपनीशी करार केला. रक्कम 24.8 कोटी डॉलर. माल काय, तर टी-72 रणगाड्यांसाठी 1000 एचपीची इंजिनं. काही पूर्ण तयार, काही सुट्या भागांत, आणि सोबत तंत्रज्ञान, म्हणजे पुढे ती आवडीच्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत करायची. आवडी आपल्याच मुंबई-चेन्नई लाइनवर आहे. सोलापुरात गाडीत बसलात तर चेन्नईच्या जरा अलीकडे हे स्टेशन लागतं.

आता टी-72 सोव्हिएत सैन्यात आला 1973 ला. भारतात त्याचं नाव अजेय. सैन्याकडे आजही सुमारे 2400 आहेत. एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला, असं लोक विचारतात. आमचं म्हणणं असं की खर्च कुठे केला यावर सगळं आहे. काही जागा अशा आहेत की पैसा टाकला की लगेच फरक दिसतो. आणि काही जागी कितीही ओता, मूळ आखणीच आडवी येते.

आधी इंजिन.

[चित्राच्या मागच्या भागावर बोट]

जुनं इंजिन व्ही-46. बारा सिलिंडर, डिझेल, 38.88 लिटर, 780 एचपी. गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या टी-34 चं व्ही-2 इंजिनसुद्धा 38.88 लिटरचंच होतं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यासही तोच, 150 मिलिमीटर. तेव्हा त्यातून 500 एचपी निघायचे. टी-90 मधलं 1000 एचपीचं व्ही-92एस2 हेही त्याच घराण्यातलं. त्यामुळे जागेचा प्रश्न फारसा येत नाही, वजनातही साधारण 40 किलोचाच फरक.

मग ताकद वाढली कुठून? व्ही-46 ला सुपरचार्जर आहे, तो क्रँकवरून गिअरनं फिरतो, म्हणजे इंजिनाचीच ताकद खातो. व्ही-92 ला टर्बो आहे, तो एक्झॉस्टच्या वायूवर चालतो. लडाखसारख्या विरळ हवेत हा फरक फार जाणवतो.

हिशेब करून बघू. टी-72एम1 चं वजन 41.5 टन. 780 भागिले 41.5, टनाला पावणेएकोणीस एचपी. आता वरून चिलखताच्या विटा, नवी साइट (नेम धरायची दुर्बीण), जास्तीच्या बॅटऱ्या चढवल्या आणि गाडी समजा 44 टनांवर गेली, तर जुन्या इंजिनावर 17.7. नव्या इंजिनावर 22.7. म्हणजे वाढलेलं वजन पोटात घालून वर टनाला जवळपास चार एचपी शिल्लक.

पण मंडळी, जुन्या मागाला दांडगी मोटर लावली की आधी पट्टा आणि गिअर कुरकुरतात. तेच इथे.

टी-72 मध्ये इंजिन आडवं बसतं. त्याची ताकद एका बाजूच्या गिअरपेटीतून, रशियन लोक तिला गिटारा म्हणतात, मागे जाते आणि तिथून डाव्या-उजव्या दोन स्वतंत्र गिअरबॉक्सना मिळते. वळायचं असेल तर ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा गिअर एकानं खाली येतो. या गिअरबॉक्समधल्या क्लचप्लेटा तेलाच्या दाबावर आवळल्या जातात. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवला आणि प्लेटा जुन्याच ठेवल्या, तर त्या घसरणार, तापणार, जळणार. म्हणून इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही जास्त टॉर्क पेलणारे घ्यावे लागतात. कूलिंगचंही तसंच. ताकद वाढली की उष्णता वाढली. रेडिएटर आणि पंखा जुनाच राहिला, तर मे महिन्यात, आपल्याकडे 43-44 अंश असताना, ड्रायव्हर काट्याकडे बघत अॅक्सिलरेटर सोडणार आणि ते हजार एचपी कागदावरच राहणार.

इंजिन बदलण्याचं काम कसं होतं ते सांगतो. पाणी आणि तेल काढायचं. मागचं छत, म्हणजे रेडिएटरसकटची प्लेट, उचलायची. इंधनाच्या, हवेच्या नळ्या, वायरिंग, लिंकेज सोडवायचं. गिटाराकडची दातेरी कपलिंग मोकळी करायची आणि जवळपास एक टनाचं इंजिन क्रेननं वर काढायचं. इथवर ठीक. वेळ खातं ते परत बसवणं. इंजिनाचा आणि गिटाराचा शाफ्ट एका रेषेत यायला हवा, त्यासाठी पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्रे, घालत, गेजनं मोजत, पुन्हा शिम बदलत जावं लागतं. घाई केली तर पहिले काही दिवस काही कळत नाही. मग कपलिंगचे दात एका बाजूनं खाल्लेले दिसतात, ऑइलसील गळायला लागतं. पॉवरपॅक पद्धतीत, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर सगळं एकाच गठ्ठ्यात, ही कटकट नसते. चेक लोकांनी टी-72एम4सीझेड करताना हेच केलं: पर्किन्सचं 1000 एचपीचं इंजिन आणि अॅलिसनचा गिअरबॉक्स. काम देखणं झालं, पण महाग इतकं पडलं की तीसेक रणगाड्यांवरच थांबले.

आणि धूळ. टी-72 चं एअर क्लीनर दोन टप्प्यांचं आहे. आधी सायक्लोन, हवा गरगर फिरवून जाड धूळ बाजूला फेकणारे. मग तारेच्या जाळीच्या कॅसेट. या कॅसेट डिझेलमध्ये धुवायच्या, निथळायच्या, इंजिन ऑइलमध्ये बुडवून परत निथळायच्या आणि मगच बसवायच्या. धुणं कोणीही करतं. चूक होते ती बसवताना: रबरी सील मुडपलं, क्लँप नीट आवळला नाही, आणि हवा फिल्टरच्या बाजूनं आत जायला लागली. बारीक वाळू रिंग आणि लायनर घासते. कॉम्प्रेशन उतरतं, ऑइल जळतं, निळा धूर येतो. चांगलं इंजिन अशानं फार थोड्या तासांत निकामी होतं. टर्बोचं इंजिन हवा जास्त ओढतं, म्हणजे इथे कामचुकारपणा आणखी महागात.

आता ज्यावर आमच्या मते पहिला पैसा जायला हवा ते: गनरची, म्हणजे तोफ चालवणाऱ्याची, रात्रीची नजर.

मूळ रात्रीची साइट टीपीएन-1. तिला तोफेशेजारचा लूना नावाचा इन्फ्रारेड दिवा लागतो, आणि तो लावूनही पल्ला साधारण 800 मीटर. शिवाय समोरच्याकडे साधी नाइट व्हिजन असली, तरी हा दिवा त्याला लख्ख दिसतो. थर्मल साइटला दिवा लागत नाही, ती उष्णता बघते, आणि पल्ला किलोमीटरच्या हिशेबात जातो. ती टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाच्या, छतातल्या जुन्या नाइट साइटच्या भोकात बसवता येते, म्हणजे फार कापाकापी नाही. रशियानं टी-72बी3 करताना सोस्ना-यू साइट अशीच जुन्या साइटच्या जागी घातली.

बसवल्यावर बोअरसाइटिंग, म्हणजे नळी आणि साइट एकाच बिंदूवर जुळवणं. नळीच्या तोंडावर चार खुणा असतात. त्यांवरून दोन दोरे उभे-आडवे ताणून ग्रीसनं चिकटवायचे. मागे ब्रीचमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची, फायरिंग यंत्रणा काढून त्या भोकातून बघायचं आणि दोऱ्यांची फुली अंतर माहीत असलेल्या दूरच्या खुणेवर आणायची. मग साइटमधली खूण त्याच बिंदूवर. हे भर दुपारी करू नये. वरची बाजू तापून लांबते आणि नळी किंचित खाली वाकते. नळीवरचं थर्मल आवरण असतं ते यासाठीच.

इलेक्ट्रॉनिक्सला उष्णताही सोसत नाही आणि वीजही भरपूर लागते. इंजिन बंद ठेवून थर्मल आणि रेडिओ चालू ठेवले की बॅटऱ्या बसतात. मग नुसत्या चार्जिंगसाठी मोठं इंजिन घुरघुरत ठेवायचं, डिझेल जाळायचं, आणि आवाज व उष्णतेनं जागा दाखवून द्यायची. म्हणून छोटं सहायक जनरेटर इंजिन हवं. अपग्रेडच्या यादीत हे नेहमी शेवटी ढकललं जातं, आणि ते चूक आहे.

चिलखताबद्दल थोडक्यात. अजेयवरच्या स्फोटक चिलखताच्या विटा पुण्यातल्या डीआरडीओच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेनं विकसित केल्या. पोकळ आकाराचं वॉरहेड फुटलं की त्यातून धातूची वेगवान धार निघते, ती या विटा मोडतात. पण वजन टॉर्शन बारवर, म्हणजे चाकांना स्प्रिंगसारख्या तोलणाऱ्या सळ्यांवर, चाकांच्या रबरावर आणि ट्रॅकच्या पिनांवर येतं. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर हे वजन जास्तच जाणवतं.

आता जिथे पैसा हरतो ते.

[चित्रात टरेटखालची गोल चकती]

ऑटोलोडर, म्हणजे तोफेत गोळा आपोआप भरणारं यंत्र. चकतीत 22 राउंड, गोळा आणि चार्ज वेगळे. चकती खाली आहे, तशी बरीच झाकलेली. खरा धोका बाहेरच्या वीसेक राउंडचा, जे हलमध्ये, म्हणजे रणगाड्याच्या खालच्या धडात, आणि टरेटमध्ये माणसांच्या आजूबाजूला ठेवलेत, काही तर इंधनटाकीत केलेल्या खोबणींत. चार्जचं आवरण जळणारं असतं. भेदून आत काही आलं की हे पेटतं आणि टरेट उडतं. फक्त चकतीपुरते राउंड घेऊन निघणं हा त्यावरचा बिनपैशाचा उपाय. दुसरी अडचण लांबीची: जास्त भेदक गोळ्याचा बाण लांब असतो आणि तो जुन्या लोडरमध्ये मावत नाही. बी3 मध्ये त्यासाठी लोडर बदलावा लागला.

आणि रिव्हर्स गिअर. पुढे सात, मागे एक, मागचा वेग ताशी सुमारे 4 किलोमीटर. समोरून मारा आला की रणगाड्यानं जाड तोंड शत्रूकडेच ठेवून मागे सरकायचं असतं. इथे माणूस चालतो त्या वेगानं मागे जायचं, नाहीतर वळून पातळ पाठ दाखवायची. याच गिअरबॉक्सचा आराखडा राहिला, तर इंजिन हजारचं असो की बाराशेचं, हा वेग फारसा हलत नाही.

टी-72 ची जागा घेणाऱ्या नव्या रणगाड्याला, एफआरसीव्हीला, सप्टेंबर 2024 मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली. आराखडा, चाचण्या, उत्पादन, सगळं व्हायचंय. तोवर अजेयच चालवायचाय, म्हणून आमचा क्रम असा: आधी गनरची थर्मल साइट आणि सहायक जनरेटर, मग इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंग एकत्रच, विटा त्यानंतर. नुसतं इंजिन बदलून फोटो काढायचे असतील तर गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष रणगाडे बघायचे असतील तर टेंभुर्णी-करमाळ्यावरून अहिल्यानगर गाठा, तिथे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. आणि परेडच्या व्हिडिओत टी-72 दिसला तर तोफेच्या शेजारी बघा. तिथे लूनाचा गोल दिवा नसेल, तर गनरची साइट बहुधा बदललेली आहे.